पंप रूम आधी, पंप नंतर

वाकड, पिंपळे सौदागर, रावेत, मोशी. पिंपरी-चिंचवडच्या कडेने गेल्या दोन-अडीच दशकांत जी गृहसंकुले उभी राहिली, त्यांच्या माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव जवळजवळ ठरलेलाच असे. त्यांतले सुरुवातीचे तलाव आता वयात आले आहेत. वरची निळी टाइल अजून तग धरून असते. थकलेली असते ती खालची यंत्रणा. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह गळतो, पंपाचे सील दर सहा महिन्यांनी जाते, प्रेशर गेजचा काटा एकाच जागी चिकटलेला असतो, पॅनलच्या पत्र्याला गंज चढतो. मग वार्षिक सभेत विषय निघतो, तीन कोटेशन मागवली जातात आणि चर्चा कुठल्या कंपनीचा पंप घ्यायचा यावर येऊन थांबते.

पंपाची खोली नव्याने बांधायची तर पंपाची निवड हा शेवटून दुसरा किंवा तिसरा निर्णय असायला हवा. आधी पाण्याचा हिशेब, मग पाइप, मग हवा आणि रसायने, मग वीज; पंप त्यानंतर. हा क्रम उलटला की नवा पंप जुन्याच चुका अधिक जोराने करू लागतो. पिंपरीसारख्या गावात हे सांगावे लागते याचे नवल वाटते. इथे केएसबीसारखी पंप बनवणारी कंपनी मुंबई-पुणे रस्त्यावर आहे, पाणी शुद्धीकरणात नाव असलेली थरमॅक्स चिंचवडला आहे आणि दिवसभर कारखान्यात फाइव्ह-एस नि कायझेनची शिस्त सांभाळणारी मंडळी संध्याकाळी याच सोसायट्यांत परततात. तरीही संकुलातला सर्वात अंधारा कोपरा पंप रूमचाच असतो.

आधी मोजणी

एक नेहमीचा तलाव धरू. २० मीटर लांब, ८ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. त्यात १,९२,००० लिटर पाणी मावते. हे सगळे पाणी फिल्टरमधून एकदा फिरायला लागणारा वेळ, म्हणजे टर्नओव्हर, सोसायटीच्या तलावासाठी सहा ते आठ तास धरतात. गर्दीच्या सार्वजनिक तलावासाठी त्याहून कमी. सहा तास धरले तर तासाला ३२,००० लिटर पाणी फिरले पाहिजे. बाकीची सगळी मापे या एका आकड्यातून निघतात.

फिल्टरच्या दर चौरस मीटरमधून तासाला ३० घनमीटर पाणी जावे असे धरले, तर १.२ मीटर व्यासाची एक टाकी या तलावाला पुरते. पंधरा मीटर हेडला, म्हणजे तेवढ्या उंचीच्या दाबाला, एवढे पाणी उचलायला ३ अश्वशक्तीच्या आसपासचा पंप लागतो, आणि तसाच दुसरा राखीव. अनेक जुन्या खोल्यांत मात्र पंप गरजेहून मोठा आणि फिल्टर लहान आढळतो. पाणी वाळूतून इतक्या वेगाने जाते की गाळ अडकण्याऐवजी पुढे सरकतो. तलाव गढूळ दिसला की ऑपरेटर पंप आणखी दोन तास चालवतो. वीजबिल वाढते, गढूळपणा जात नाही.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी महिनाभर एक नोंदवही ठेवावी. त्यासाठी लागणारी साधने पंपाच्या मानाने किरकोळ किमतीची आहेत: फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक प्रेशर गेज, सक्शनवर व्हॅक्यूम गेज, डिलिव्हरीवर फ्लोमीटर, भरणीच्या नळावर पाण्याचा मीटर आणि पॅनलवर विजेचा मीटर. पाणी गळतेय की उडतेय हे ठरवायला एक बादलीही पुरते. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतली नि बाहेरची पातळी खुणेने नोंदवायची आणि चोवीस तासांनी पाहायचे. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर ते बाष्पीभवन. तलावाची जास्त उतरली तर गळती. आपल्या उदाहरणातल्या तलावाचे क्षेत्रफळ १६० चौरस मीटर आहे, म्हणजे पातळी एक मिलिमीटर उतरली तरी १६० लिटर गेले. गळती पाइपमध्ये असेल तर नवा पंप ती वाढवूनच ठेवील.

सोसायटी नवी असेल तर आणखी एक तारीख पाहावी. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर विकसकाने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. चौथ्या वर्षी लिहिलेले एक पत्र सहाव्या वर्षीचा खर्च वाचवू शकते.

पाण्याचा हिशेब

या शहरात पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवून तलावाचा विचार करताच येत नाही. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होते. वाढत्या वस्तीला ते पुरेनासे झाल्यावर महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू केले. कडेच्या भागांत टँकर आणि बोअरवेल हा रोजचाच आधार. अशा ठिकाणी तलाव किती पाणी खातो हा सोसायटीतल्या भांडणाचा विषय असतो, आणि तो असणे रास्तही आहे.

सगळ्यात मोठी उधळपट्टी बॅकवॉशची. वाळूत अडकलेला गाळ धुण्यासाठी पाणी उलटे सोडून गटारात घालवतात. आपल्या पंपातून मिनिटाला साडेपाचशे लिटरच्या आसपास पाणी जाते. पाच मिनिटांचा बॅकवॉश आणि मिनिटभराचा रिन्स धरला तर एका वेळेला सव्वातीन हजार लिटर. आठवड्यातून दोनदा केले तर वर्षाला साधारण साडेतीन लाख लिटर, म्हणजे दहा हजारांचे चौतीस-पस्तीस टँकर.

यात तीन ठिकाणी बचत करता येते. पहिली, ठरलेल्या वारी बॅकवॉश करण्याऐवजी गेज पाहून करणे: स्वच्छ फिल्टरच्या दाबापेक्षा अर्धा ते पाऊण बार दाब वाढला की धुवावे, तोवर हात लावू नये. थोडासा मळलेला फिल्टर बारीक गाळ अधिक चांगला अडवतो, हेही लक्षात ठेवावे. दुसरी, बॅकवॉशच्या पाइपवर काचेची खिडकी बसवणे. पाणी स्वच्छ दिसले की थांबायचे. घड्याळाकडे पाहत बसायचे नाही. तिसरी, ते पाणी एका टाकीत साठवून, गाळ बसू देऊन, क्लोरीन उतरल्यावर बागेला वापरणे. खोलीची फेररचना होत असतानाच या टाकीची जागा आणि पाइप ठरवले तर खर्च मामुली. नंतर करायचे म्हटले तर फोडाफोडी. हे पाणी थेट सांडपाणी प्रकल्पात ढकलण्याची पद्धत मात्र बरी नव्हे. त्यातल्या क्लोरीनने प्रकल्पातले उपयुक्त जिवाणू मरतात.

फिल्टरची वाळू पाच ते सात वर्षांनी बदलतात. वाळूऐवजी काचेचे दाणे घालावेत असा आग्रह हल्ली दिसतो. ते लवकर धुतले जातात आणि जास्त टिकतात असे सांगितले जाते. किंमत अर्थातच जास्त. टाकीच लहान असेल तर काचेने ती मोठी होत नाही. पैसे मोजके असतील तर आधी योग्य मापाची टाकी घ्यावी, वाळू साधीच चालेल.

पाइप आणि जागा

जुन्या पंप रूममध्ये सर्वात महाग चूक पाइपांत दडलेली असते आणि ती कोटेशनमध्ये दिसत नाही. तासाला ३२ घनमीटर पाणी ७५ मिलिमीटरच्या पाइपमधून ओढले तर त्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास जातो. ११० मिलिमीटरमधून ओढले तर सव्वा मीटरच्या आतच राहतो. सक्शनला दीड ते पावणेदोन मीटरच्या वर वेग जाऊ नये असा संकेत आहे. वेग दुप्पट झाला की घर्षणाने वाया जाणारा दाब जवळपास चौपट होतो आणि तो भरून काढायला पंप वीज जाळतो. पंपाच्या तोंडाशी लगेच काटकोनी बेंड असेल तर पाणी घुसळत आत शिरते, आवाज होतो, सील लवकर जाते. सक्शनला पाइपच्या व्यासाच्या चार-पाच पट तरी सरळ लांबी द्यावी, प्रत्येक पंपाला दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्ह आणि युनियन द्यावेत. नाहीतर एक पंप काढायचा तर करवत हातात घ्यावी लागते.

पाइप बदलत असतानाच तलावाच्या तळाची जाळी तपासावी. एकाच जाळीतून सगळे पाणी ओढले जात असेल तर तिच्यावर अंग किंवा केस अडकून माणूस पाण्याखाली खिळू शकतो. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांच्या एका मुलीचा असा मृत्यू झाला. तिच्या नावाने, व्हर्जिनिया ग्रॅम बेकर कायदा म्हणून, २००७ मध्ये तिथे या जाळ्यांबद्दलचा कायदा झाला. उपाय साधा आहे: एकमेकींपासून किमान तीन फूट अंतरावर दोन जाळ्या, दोन्ही एकाच पाइपला जोडलेल्या, वर फुगीर झाकण. एक झाकली गेली तरी दुसरीतून पाणी येत राहते.

जागेचा प्रश्न खोलीच्या जमिनीपुरता नसतो. विजेच्या पॅनलपुढे किमान एक मीटर मोकळी जागा असावी, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. तिथेच रसायनांची पिंपे रचलेली असतात. फिल्टरच्या डोक्यावर वाळू बदलण्यापुरती उंची लागते. १.२ मीटरच्या फिल्टरमध्ये वाळूच टनाहून अधिक भरते, त्यात पाणी आले की वजन दोन टनांच्या वर जाते. खोली पोडियमच्या स्लॅबवर असेल तर नवी टाकी ठरवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्यावी.

खोली तळघरात असावी की जमिनीवर, यावर दोन मते आहेत. तलावाच्या पातळीखालची खोली पंपाला सोयीची, कारण पाणी आपोआप पंपापर्यंत येते आणि प्रायमिंगची कटकट राहत नाही. पण एखादा सांधा सुटला किंवा पावसाळ्यात पाणी शिरले तर तीच खोली भरते. तळघर बदलणे शक्य नसेल तर मोटारी ओट्यावर उचलाव्यात, कोपऱ्यात खड्डा करून फ्लोट स्विचचा उपसा पंप बसवावा आणि पॅनल भिंतीवर उंच न्यावे. रसायने मात्र तळघरात ठेवूच नयेत.

हवा आणि रसायने

ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या महापालिका जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली. सकाळी पोहायला आलेल्यांना आणि कर्मचाऱ्यांना खोकला, श्वासाचा त्रास सुरू झाला आणि वीसच्या आसपास जणांना रुग्णालयात न्यावे लागले. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, खोलगट जागी साचतो. तरीही बहुतेक पंप रूममध्ये एग्झॉस्ट फॅन छताजवळ लावलेला दिसतो. तो जमिनीपासून फूटभर उंचीवर असावा, ताजी हवा वरून यावी आणि फॅनचे बटण दाराबाहेर असावे, म्हणजे आत पाऊल टाकण्याआधी तो सुरू करता येईल.

सोसायट्यांत सहसा सिलिंडर नसतात, म्हणून आपल्याला धोका नाही असे मानले जाते. वायू तयार व्हायला सिलिंडर लागत नाही. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ऑपरेटरच्या भाषेत लिक्विड क्लोरीन, आणि पीएच उतरवायचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन निघतो. टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या) गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग किंवा स्फोटही होऊ शकतो. दोन्ही पांढरी, दोन्हींना क्लोरीनच म्हणतात आणि एकच मग दोन्ही डब्यांत फिरतो. म्हणून ॲसिड आणि क्लोरीन यांना वेगळ्या खणांत, वेगळ्या थाळ्यांत, वेगळ्या मापांसह ठेवणारी, कोरडी, हवेशीर, कुलपाची जागा आराखड्यात आधी काढून घ्यावी. पंपाच्या खोलीत रसायने न ठेवण्याचे दुसरेही कारण आहे: त्यांची वाफ मोटारीचे तांबे आणि पॅनलचे संपर्क खाऊन टाकते. गंजलेल्या पॅनलचा दोष पावसाळ्याला दिला जातो. खरा दोषी शेजारचा उघडा डबा असतो.

हाताने रसायन टाकण्याऐवजी पीएच आणि क्लोरीन मोजून आपोआप मात्रा सोडणारी यंत्रणा बसवण्याकडे कल वाढतो आहे. ती चांगलीच, पण एका अटीवर. पाणी फिरणे थांबले की रसायन सोडणेही त्याच क्षणी थांबले पाहिजे. फिरणारा पंप बंद आणि डोसिंग पंप चालू अशी वेळ आली तर ॲसिड आणि हायपो एकाच पाइपमध्ये साचतात, आणि पंप पुन्हा सुरू होताच वायूचा लोट तलावात येतो. परदेशी तलावांत असे अपघात नोंदलेले आहेत. दिवसातून दोन-चार वेळा वीज जाणाऱ्या भागात ही जोडणी पंपाच्या बटणावर न ठेवता प्रत्यक्ष प्रवाह ओळखणाऱ्या फ्लो स्विचवरच असावी.

कोणते रसायन, हाही वादाचा विषय. टीसीसीए सोयीची, पण तिच्याबरोबर सायन्युरिक ॲसिड पाण्यात साठत जाते. दर लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन दिले की ६ मिलिग्रॅम सायन्युरिक ॲसिड मागे राहते. ते शंभराच्या पलीकडे गेले की क्लोरीन असूनही सुस्त होतो आणि काही पाणी काढून टाकण्यावाचून इलाज राहत नाही. मिठापासून क्लोरीन बनवणारे यंत्र हा दुसरा पर्याय. आपल्या तलावाला सुरुवातीला साडेसहाशे-पावणेसातशे किलो मीठ लागेल. पाणी डोळ्यांना सौम्य लागते, रसायनांची ने-आण कमी होते. पण पिंपरीच्या कडेला तलाव भरतात बोअरच्या जड पाण्याने. काळ्या कातळातून येणाऱ्या या पाण्यातला कॅल्शियम यंत्राच्या पट्ट्यांवर खपलीसारखा बसतो आणि खारट बॅकवॉश बागेलाही चालत नाही. टँकर-बोअरवर चालणाऱ्या सोसायटीने मिठाच्या मोहात पडू नये. हायपो आणि प्रवाहाशी बांधलेले डोसिंग हा तिच्यासाठी शहाणा मार्ग. यूव्ही दिवा क्लोरीनला न जुमानणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जंतूंवर उपयोगी आहे. लहान मुलांची गर्दी असेल तर त्यासाठी पाइपमध्ये जागा सोडून ठेवावी, दिवा पुढच्या वर्षी आला तरी चालेल.

वीज, आणि शेवटी पंप

ओल्या खोलीत विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. प्रत्येक फीडरला ३० मिलिॲम्पियरवर तुटणारे आरसीसीबी, पक्के अर्थिंग, तलावाची शिडी, कठडा आणि पंपाच्या धातूच्या भागांना एकत्र जोडणारी पट्टी आणि पाण्याखालच्या दिव्यांना १२ व्होल्ट, त्यांचा ट्रान्सफॉर्मर तलावापासून दूर. यावर तडजोड नको. पैसे कमी पडले तर तलावाचे रंगीत दिवे वगळावेत.

आता पंप. पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मे येते, पण वीज आठवा हिस्साच लागते. तलावाच्या बंद फेऱ्यात जवळपास सगळा दाब घर्षणाचाच असल्याने हा नियम इथे बराचसा लागू पडतो. अडीच किलोवॅट घेणारा पंप दिवसाला बारा तास चालला तर ३० युनिट. व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण, लावून तोच पंप सत्तर टक्के वेगाने सतरा तास चालवला तर तेवढेच पाणी १५ युनिटच्या आसपास फिरते. अमेरिकेने जुलै २०२१ पासून तलावाच्या पंपांना कार्यक्षमतेचे जे नियम लावले, त्यांमागे हेच गणित आहे. फक्त बॅकवॉशच्या वेळी पूर्ण वेग द्यावा लागतो, हे पॅनलवर वेगळ्या बटणाने सोडवावे. हळू चाललेला पंप आवाजही कमी करतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि पंप रूमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ती कायद्याशिवायही कळते.

निगडी प्राधिकरणातला बंगला किंवा मावळातले फार्महाऊस यांचा हिशेब सोपा. ८ बाय ४ मीटरच्या तलावात ३८,००० लिटर पाणी. पाऊण ते एक अश्वशक्ती पुरते. तिथे काठावर अडकवायचा पाइपलेस फिल्टर लोकप्रिय आहे आणि अगदी लहान तलावाला तो चालतोही. पण पाण्याच्या इतक्या जवळ वीज आणणारे उपकरण नळीविना स्वस्त पडते म्हणून घेताना आरसीसीबीचा खर्च त्यातच धरावा.

केव्हा, कसे, कोणासाठी

काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी या काळात काढावे. पोहणारे कमी असतात, हवा कोरडी असते, पाइपचे जोड आणि लादी नीट सुकतात. मार्चपासून मुले तलावावर येऊ लागतात आणि मग घाईने जोडलेले पाइप पुढची दहा वर्षे गळतात. तलाव शक्यतो रिकामा करू नये. दोन लाख लिटर परत आणायचे म्हणजे वीस टँकर. जमिनीत बांधलेला तलाव पावसाळ्यात रिकामा ठेवला तर भूजलाच्या दाबाने तळ उचलला जाण्याचीही भीती असते. पण भरलेला तलाव फिरवला नाही तर आठवड्यात हिरवा होतो, डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची दंडाची नोटीस येते. म्हणून कामाच्या काळात तात्पुरता पंप आणि हाताने क्लोरीन हे कंत्राटातच लिहून घ्यावे.

पैशांची तरतूद गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहे: बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के दुरुस्ती निधी, ०.२५ टक्के सिंकिंग फंड. अनेक सोसायट्यांत हे आकडे कागदावर राहतात आणि पंप बंद पडल्यावर ‘विशेष वर्गणी’ निघते, तीही न पोहणाऱ्यांचा विरोध पत्करून.

शेवटची कसोटी ऑपरेटरची. या खोलीत रोज उतरणारा माणूस बहुधा एजन्सीमार्फत आलेला, वर्षभरात बदलणारा, कमी पगाराचा असतो. आराखड्यावर सही करण्याआधी कमिटीने त्याला विचारावे: उभ्याने सगळे गेज वाचता येतात का? प्रत्येक व्हॉल्व्ह शिडीविना हाताला लागतो का? ॲसिडचा डबा उचलून किती पावले न्यावा लागतो? डोळ्यांत उडाले तर पाण्याचा नळ कुठे आहे? चाकणच्या कुठल्याही कारखान्यात यंत्र बसवताना हे प्रश्न विचारले जातात, कारण तिथे यंत्र बंद पडण्याची किंमत मोजली जाते. सोसायटीत ती वर्गणीत विरून जाते, म्हणून कोणी विचारत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हवर क्रमांक, भिंतीवर लॅमिनेट केलेला पाइपांचा नकाशा, मराठी-हिंदीत लिहिलेला रोजचा क्रम आणि सहीची नोंदवही. हे कंत्राटदाराच्या शेवटच्या बिलाशी बांधून टाकावे.

पुढच्या सभेत तीन कोटेशन मांडण्याआधी कमिटीने सभासदांसमोर एक पान ठेवावे. त्यावर चार आकडे: तलावातले एकूण पाणी, तासाला प्रत्यक्ष फिरणारे पाणी, आठवड्याला बॅकवॉशमध्ये जाणारे पाणी आणि दिवसाला जाणारी युनिटे. हे चार आकडे ज्या सोसायटीकडे आहेत तिला कोणताही विक्रेता चुकीचा पंप विकू शकत नाही. ज्यांच्याकडे ते नाहीत, त्यांनी कोटेशन महिनाभर पुढे ढकलून आधी गेज बसवावेत.